दुसऱ्या गिअरमधला हिवाळा

मागच्या आठवड्यात कामासाठी नंदुरबारला गेले होते. बस शहराजवळ आली आणि खिडकीशी बसलेली माणसं एकामागून एक शिंकायला लागली. कंडक्टरने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला, एका बाईने मांडीवरच्या बाळाच्या तोंडावर पदर ओढला. बाहेर पथारींच्या मोकळ्या मैदानांवर मिरची वाळायला टाकली होती. जमिनीवर नजर पोचेल तिथपर्यंत लाल, आणि त्या लालात कमरेत वाकलेल्या, तोंडाला फडकी बांधलेल्या बाया. उन्हाला अजून धार नव्हती. माझ्या घशात खवखव सुरू झाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मला एकदम त्या हिवाळ्याची आठवण झाली. तोही असाच मिरचीच्या दिवसांत सुरू झाला होता, आणि त्यातल्या एका सकाळी तर मी अक्षरशः मिरचीत न्हाऊन निघाले होते.

पण ते पुढे.

आम्ही लोणखेड्याचे. थोडी शेती, तीही आता वाट्याने दिलेली. मी शहाद्याच्या शाळेत मराठी शिकवत होते. माझे यजमान साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. घरीदारी सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. ऊस वाहणारे ट्रक आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या रस्त्याला लावून दिल्या, आता एक आपली लावू, असं त्यांनी निवृत्तीच्या दिवशी जेवताना सांगितलं तेव्हा मला वाटलं, मोटरसायकल घेणार असतील.

त्यांनी आणली एक जुनी मिनीबस. शाळेची मुलं नेण्या-आणण्यात झिजलेली. आतली बाकं काढली, दोन माणसांपुरती खाट बसवली, खाटेखाली कप्पे केले, गॅसची शेगडी, छोटं मोरीसारखं काहीतरी, टपावर पाण्याची टाकी आणि सोलरची पाटी. वर्षभर अंगणातल्या लिंबाखाली हा कारखाना चालला होता. रंग नवा दिला, पण खिडकीच्या वरची 'हात बाहेर काढू नये' ही अक्षरं मी पुसू दिली नाहीत. इतकी वर्षं शाळेत गेल्यावर घरात एखादी सूचना असली की बरं वाटतं.

बेत मोठा होता. आमची मुलगी दीपा केरळात असते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. तिच्या दारात आपलं घर नेऊन उभं करायचं, असं नानांनी ठरवलं होतं. विसरवाडीहून हायवेला लागायचं, सुरतेला जायचं आणि तिथून समुद्र धरून खाली उतरायचं. दीपाला फोनवर हे सांगितलं की ती म्हणायची, "या ना, नाना." मला तिच्या त्या 'या ना'मध्ये काहीतरी अडखळल्यासारखं वाटायचं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

आम्ही निघालो त्या सकाळी गल्लीने गाडीला हार घातला. शेजारच्या वहिनींनी नारळ फोडला. कारखान्यातले जुने सोबती आले होते, त्यातल्या एकाने "रोज फोटो टाका" असं बजावलं. केळीच्या बागांवर धुकं होतं, कापसाची शेवटची वेचणी चालू होती, आणि नाना नवा स्वेटर घालून स्टिअरिंगमागे बसले होते. इतके ताठ की आमच्या लग्नाच्या फोटोतही ते तसे बसलेले नाहीत.

आमचा तो प्रवास विसरवाडीला संपला.

विसरवाडीचा फाटा म्हणजे ट्रकांचा बाजार. दोन्ही बाजूंना धाबे, टायरची दुकानं, चहाच्या टपऱ्या, आणि गुजरातकडे जाणाऱ्या गाड्यांची न तुटणारी रांग. टाकी पूर्ण भरून पुढे निघावं म्हणून नानांनी पंपावर गाडी घेतली. पंपावरच्या माणसाने नळी हातात घेतली आणि नाना आकड्यांच्या पाटीकडे बघत राहिले. मग आमच्या अहिराणीत त्यांनी विचारलं,

"हाऊ भाव कव्हय व्हयना?"

"आज सकायलेच वाढना, काका. मागल्या हप्तामा बी वाढना व्हता."

आम्ही बेत आखला तेव्हा डिझेल ज्या भावाला होतं, त्यावर नानांनी सगळं बसवलं होतं. त्यानंतर भाव चढतच गेला होता. ते मला सांगत नव्हते आणि मी विचारत नव्हते. त्यांनी अर्धी टाकी भरायला सांगितली. मग गाडी पंपाबाहेर काढून एका धाब्यासमोर लावली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. समोरून ट्रकमागून ट्रक जात होते. प्रत्येक ट्रक गेला की आमची गाडी हलायची आणि आतली भांडी किणकिणायची.

"परत फिरूत," ते म्हणाले. "काही दिवस थांबूत. भाव उतरतीन."

मी बरं म्हटलं. पण एक अडचण होती. गळ्यातला हार अजून ताजा असलेली गाडी घेऊन त्याच संध्याकाळी गल्लीत कसं शिरायचं? ते दोघांनाही सुचेना. शेवटी आम्ही तळोद्याकडून वळसा घालून, लोणखेडा टाळून, उनपदेवला गेलो. डिझेल वाचवायला परत फिरलेल्या माणसांनी लाज वाचवायला जास्तीचं डिझेल जाळलं, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. नानांना आधीच कळलं असणार.

उनपदेवला सातपुड्याच्या पायथ्याशी गोमुखातून गरम पाणी पडतं. पहाटे त्या कुंडावर वाफ असते, आणि थंडीत आलेली माणसं त्या वाफेत एकमेकांना ओळखू येत नाहीत. आम्हाला तेच हवं होतं. चार दिवस आम्ही तिथे लपून राहिलो. मी कपडे धुवायचे, नाना गाडीखाली घुसून जे मुळीच बिघडलेलं नव्हतं ते घट्ट करायचे. कारखान्यातल्या सोबत्याचा फोन आला, कुठवर पोचलात म्हणून. नाना म्हणाले, "चालू शे प्रवास." खोटं त्यात काही नव्हतं, आणि खरंही फारसं नव्हतं.

त्या दिवसांपासून त्यांना बचतीचं वेड लागलं. आधी गाडीचं वजन कमी केलं. माझी पुस्तकांची पेटी, जड पोळपाट, दुसरी गादी हे सगळं एका ओळखीच्यांच्या खळ्यात ठेवलं. टाकीत पाणी अर्धंच भरायचं. टायरची हवा रोज बघायची. हे सगळं ठीकच होतं, शहाणपणाचंच होतं. घरी न जाता आम्ही शहादा-तळोद्याच्या शिवारात फिरत राहिलो, आज या गावाच्या मारुतीपाशी, उद्या त्या पाटाच्या कडेला, आणि गल्लीतल्या लोकांना वाटत होतं आम्ही गोव्याच्या आसपास असू.

मग एका उतारावर त्यांनी इंजिन बंद केलं.

किल्ली फिरवली, गिअर काढला, गाडी आपल्या वजनाने उतरायला लागली. मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. दिवसभर डोक्यात घुमणारी घरघर एकदम थांबायची. टायरखाली खडी वाजायची, दोन्ही अंगांच्या शेतातली पाखरं ऐकू यायची, कुठे तरी ऊस तोडणाऱ्या माणसांच्या हाका. नदीतून होडी जावी तशी गाडी जायची. नाना समोर बघत असायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या अर्ध्या-एक मिनिटापुरतं समाधान असायचं. जिथे सगळं हातातून निसटत चाललंय तिथे एवढं तरी आपण वाचवलं, असं ते समाधान होतं. मी त्या समाधानाकडे बघायचे आणि गप्प राहायचे.

हे किती चुकीचं आहे, ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? वर्कशॉपमध्ये ड्रायव्हर लोकांना ते रागवायचे. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारी हवा बंद होते, दोनदा पाय मारला की पेडल दगड होतं. आणि गिअरमध्ये उतरलं तर डिझेल जवळजवळ लागतच नाही, म्हणजे वाचत तर काहीच नाही. हे मला त्यांनीच कधीतरी जेवताना समजावून सांगितलं होतं. तरी ते करत होते. महागाई खिशापेक्षा आधी माणसाच्या डोक्यात शिरते, असं मला आता वाटतं. आयुष्यभर जे पक्कं ठाऊक असतं, तेही ती विसरायला लावते.

तोरणमाळला जायचं मीच सुचवलं. केरळ नाही तर नाही, आपल्या जिल्ह्यातला डोंगर तरी बघू. म्हसावद मागे टाकून, राणीपूरवरून, सातपायरी घाटाची वळणं चढत आम्ही वर गेलो. चढताना इंजिन इतकं तापलं की तीनदा थांबावं लागलं. वर तलावाकाठी दोन दिवस राहिलो. सकाळी गवतावर दहिवर इतकं की जोडे भिजायचे. तलावाचं पाणी हलायचंच नाही. नाना पहिल्यांदाच थोडं मोकळं बोलले, कारखान्यातल्या जुन्या गोष्टी काढल्या. मला वाटलं, उतरलं यांच्या मनावरचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिऊन, आम्ही उतरायला लागलो.

पहिल्या दोन वळणांना गाडी गिअरमध्ये होती. तिसऱ्यानंतर सरळ उतार लागला आणि घरघर थांबली. झाडांतून ऊन येत होतं. मी खिडकीतून खाली दरीकडे बघत होते. तिथे एका झोपडीच्या कौलांमधून धूर निघत होता, आणि धूर किती सरळ वर जातोय असं काहीतरी मी नानांना सांगणार होते. तेवढ्यात त्यांचा पाय दोनदा, तीनदा आपटल्याचा आवाज आला.

"ब्रेक लागत नही," ते म्हणाले.

आवाज अगदी साधा होता. मीठ संपलंय असं सांगावं तसा.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं, पण धरेना. गिअर टाकायला गेले तर दाते नुसते करकरले. हँडब्रेक ओढला, गाडी थोडी दबली आणि पुन्हा सुटली. पुढचं वळण डावीकडे होतं, आणि उजवीकडे काहीच नव्हतं, नुसतं आभाळ. स्टिअरिंग जड झालं होतं. नाना त्यावर जवळजवळ उभे राहिले, त्यांच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या.

"घट धर," ते म्हणाले.

वळणाच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला, रस्त्याच्या कामासाठी कोणीतरी मुरुमाचा ढीग टाकून ठेवला होता. कोणी टाकला, कधी टाकला, मला माहीत नाही. त्या माणसांचं भलं होवो, एवढं मी अजूनही म्हणते. नानांनी गाडी त्या ढिगावर घातली. पुढचं चाक वर चढलं, गाडी गटारात कलंडली, काहीतरी मोठ्याने तुटलं, आणि सगळं थांबलं.

आणि मग मिरची आली. वरच्या कप्प्यातला तिखटाचा डबा झाकणासकट खाली आला होता. वर्षभराचं तिखट, नंदुरबारची मिरची मी स्वतः निवडून, कुटून आणलेली. आतली सगळी हवा लाल झाली. नाना शिंकत होते, मी शिंकत होते, डोळे उघडत नव्हते. चाचपडत दार सापडलं आणि आम्ही एकमेकांना ओढत बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बसलो.

"तुले लागनं का?"

"नही. तुम्हले?"

"नही."

एवढंच बोलणं झालं. दोघांच्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या होत्या. खालच्या पाड्यावरून माणसं धावत आली, त्यांना वाटलं कोणीतरी गेलं. एक बाई माझ्यापाशी बसली आणि माझी पाठ चोळायला लागली. तिखटाने येणारं पाणी कुठे संपलं आणि माझं रडणं कुठे सुरू झालं, ते मला कळलं नाही. नानांनी तर तोंड फिरवून घेतलं होतं. ते बराच वेळ डोंगराकडे तोंड करून बसून होते, आणि त्यांचे खांदे तिखटाने हलावेत त्याहून जरा जास्त हलत होते.

पाठ चोळणारी बाई म्हणजे भुरीबाई. पावरा समाजाची, पन्नाशीची असावी. घरात ती पावरी बोलायची, माझ्याशी मोडकी मराठी. सगळ्यांनाच 'तू' म्हणायची, आणि ते ऐकायला फार बरं वाटायचं. तिने आधी माझे डोळे धुवायला पाणी दिलं, मग काळा चहा. मग गाडीकडे बघून म्हणाली, "गाडी पडली. माणूस नाय पडला. आता पी."

पाड्यातल्या माणसांनी टाकीतलं पाणी सोडून दिलं, लाकडाचे दांडे लावले, एकाने ट्रॅक्टर आणला. दुपारपर्यंत गाडी रस्त्यावर आली, आणि ओढत ओढत घाटातच थोडं खाली भुरीबाईच्या खळ्याच्या कडेला जाऊन लागली. पुढचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, तुटला होता आणि स्टिअरिंगचा रॉड वाकला होता. दोन्ही शहाद्याहून यायला हवं होतं. नवा पाटा मिळेना, जुना जुळेना, असं करत अकरा दिवस गेले.

त्या अकरा दिवसांत आमची गाडी वीतभरही हलली नाही. डिझेलचा थेंब लागला नाही.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बाहेर सात-आठ माणसं ओळीने बसलेली. एका म्हाताऱ्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद, दोन बायांच्या कडेवर मुलं. त्यांना वाटलं, फिरता दवाखाना आला. पांढऱ्या गाडीत बिछाना आणि टाकी असल्यावर दुसरं काय वाटणार? मी जवळ औषध ठेवत नव्हते आणि ठेवलं असतं तरी दिलं नसतं. पण म्हाताऱ्याचा कागद वाचून दाखवला, पुन्हा दवाखान्यात कधी बोलावलंय ते सांगितलं. त्याने ते बोटांवर मोजून घेतलं. दवाखान्याची खरी गाडी कधी येते, असं मी विचारलं. भुरीबाई म्हणाली, "येते कधी कधी. आणि दवाखान्यात जायला जीप पण आता कमी येते ना. पूर्ण भरली तरच निघते." डिझेल वाढलं तसं जीपवाल्याने भाडं वाढवलं होतं आणि फेऱ्या कमी केल्या होत्या. भुरीबाई आता बाजाराला घाट पायीच उतरायची आणि डोक्यावर ओझं घेऊन पायीच चढायची.

विसरवाडीच्या पंपावर आम्ही जे आकडे वाचून हादरलो होतो, ते इथपर्यंत पायी चालत आले होते.

खळ्यावर ज्वारीची मळणी चालू होती. दिवसभर कणसं झोडपल्याचा एकसारखा आवाज, उन्हात उडणारं भूस, आणि त्या भुशाचा कोरडा गोड वास. मी दुसऱ्या दिवसापासून उपणायला हात लावला. सुपाची लय चुकायची, भुरीबाई हसायची आणि माझ्या हातातून सूप घेऊन पुन्हा दाखवायची. दुपारी तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या जायच्या. त्या सोलत बसलं की बोलण्याची गरज नसायची.

एकदा तिने विचारलं, "तुला घर हाय ना?"

"आहे की. लोणखेड्याला."

"मोठं?"

"बऱ्यापैकी."

"मग गाडीत काय राहाते?"

जग बघायला, असं म्हणणार होते, पण ते शब्द तिच्यासमोर उच्चारवेनात. तिचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. टेम्पोत भांडी, गोधड्या, चार कोंबड्या आणि तीन वर्षांची नात. तेही घर गाडीत घालूनच गेले होते. ती म्हणाली, "होळीला येईल." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "तू बरी आली. घर मोकळं वाटत होतं."

नाना या सगळ्यात नव्हते. ते गाडीखाली असायचे, नाहीतर पायी घाट उतरून पुढे बसने शहाद्याला. जेवायचे, झोपायचे, बोलायचे नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी गाडीच्या सावलीत हात पुसत बसले आणि म्हणाले, "ही गाडी इकी टाकूत."

विकायचं ऐकून मी शेंग सोलता सोलता विचारलं, "का?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मी उतारवर इंजिन बंद करी देत व्हतू."

"माले माहीत व्हतं."

त्यांनी मान वर केली. "कव्हयपासून?"

"पहिल्या उतारपासून."

"मंग बोलनी काब्र नही?"

मी खोटं बोलू शकले असते. तुम्हाला वाईट वाटलं असतं, तुमच्यावर विश्वास होता, असं काहीही. पण समोर ती वाकलेली गाडी होती. मी म्हटलं, "माले ते आवडे. आवाज बंद व्हये, तुम्ही खूश दिसेत."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं चिडतील. त्यांनी माझ्यापुढच्या टोपलीतली एक शेंग उचलली, सोलली, दाणे तोंडात टाकले. "म्हणजे दोन्हीस्नी मिळी करं," ते म्हणाले. आम्हा दोघांनी मिळून केलं. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना बघितलं. पूर्ण हसू नव्हतं ते, पण मला तेवढं पुरलं. इतके दिवस तो अपराध ते एकट्याने वाहत होते, आणि माझा वाटा मीही लपवला होता.

संध्याकाळी टेकडीवर जाऊन, जिथे रेंज येते तिथे उभं राहून, त्यांनी दीपाला फोन लावला. मी शेजारी होते. अपघाताचं सगळं सांगितलं, काही न लपवता. मग म्हणाले, "आम्ही येत नही, बेटा. इतलं डिझेल माले परवडत नही."

'परवडत नाही' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. लग्नात, घर बांधताना, दीपाच्या शिक्षणात, कधी म्हणजे कधी त्यांनी ते उच्चारले नव्हते. काही ना काही करूत, एवढंच म्हणायचे. नानांनी दोनदा हॅलो म्हटलं. मग दीपाचा आवाज आला, रडका आणि हलका. "नाना, तुम्ही निघालात तेव्हापासून मी धड झोपले नाहीये. इतक्या लांब तुम्ही गाडी चालवत येणार म्हणून. पण तुमचा उत्साह बघून सांगायचं धाडस होईना. मीच येते ना सुट्टीत. तुम्ही फक्त कुठे थांबलाय ते सांगत जा."

टेकडी उतरताना नाना पुढे होते. पाय सावकाश टाकत, पण अंगातलं ओझं कोणीतरी काढून घेतल्यासारखे चालत होते. त्यांना शीळ घालता येते, हे मी जवळजवळ विसरले होते.

बाराव्या दिवशी गाडी पुन्हा चालती झाली. भुरीबाईने ज्वारीचं पीठ बांधून दिलं. त्या दिवशी तिचा बाजार होता, म्हणून तिला आणि तिच्या पाड्यातल्या आणखी चार बायांना आम्ही गाडीत घेतलं. नानांनी दुसरा गिअर टाकला आणि घाट संपेपर्यंत तो काढला नाही. इंजिन ओरडत होतं, बायांना एकमेकींचं बोलणं ऐकू जात नव्हतं, त्या आणखी मोठ्याने बोलत होत्या. बाजारात उतरताना भुरीबाई नानांना म्हणाली, "आज चांगला चालवला."

आम्ही तसेच लोणखेड्याला गेलो, भर दिवसा, गल्लीतून. शेजारच्या वहिनी दारात आल्या. "इतक्यात आले?" नाना खाली उतरले आणि त्यांना सगळं सांगितलं. भाव, विसरवाडी, उनपदेव, घाट. अर्धी गल्ली जमली. कोणी हसलं नाही. एकाने आपली जुनी जीप दोन महिन्यांपासून दारातच उभी असल्याचं सांगितलं. दुसरा म्हणाला, मी मोटरसायकल सोडून बसने जातो, पण घरी सांगतो की कंबर दुखते. सगळे आपापल्या जागी तेच झाकून बसले होते. ते उघडं पडल्यावर चहा झाला आणि गप्पा लांबल्या.

त्या हिवाळ्याचे उरलेले दिवस, आणि त्यानंतरचा प्रत्येक हिवाळा, आम्ही असेच काढले. एका जागी पोचलो की आठ-दहा दिवस हलायचं नाही. पुढचं ठिकाण पहिल्यापासून लांब नाही. आजूबाजूला बघायचं ते पायी नाहीतर बसने. मी भाजी तिथलीच घेते, नाना तिथल्या माणसांचे पंप, मोटारी, सायकली बघून देतात, आणि कोणी वांगी देतं, कोणी दूध. पूर्वी मला वाटायचं, जितकं लांब जाऊ तितकं जास्त बघू. एका गावात दहा दिवस राहिल्यावर कळतं की पहिल्या दिवशी आपण फक्त रस्ता बघितला होता. माणसं चौथ्या दिवसापासून दिसायला लागतात.

दीपा सुट्टीत येते. आम्ही ज्या गावात असू तिथे, बसमधून उतरून, पिशवी खांद्याला लावून चालत येते.

यंदा आम्ही प्रकाशाला तापीच्या काठावर आहोत. थंडी चांगली पडली आहे. परवा दुपारी आमच्याशेजारी एक मोठी, नवी कोरी घरगाडी येऊन थांबली. आमच्या दुप्पट लांब, काचांना पडदे, बाजूला छापलेला भारताचा नकाशा. आतून एक गृहस्थ उतरले, आमच्याच वयाचे, पुण्याकडचे वाटले. मागून त्यांच्या पत्नी उतरल्या, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. गृहस्थांनी आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारली, कौतुकाने खिडक्या बघितल्या, आणि नानांना विचारलं, "तुमची किती राज्यं झाली?"

नाना कोणाच्या तरी पंपाचा वायसर कापत बसले होते. म्हणाले, "राज्य कुठलं, अजून जिल्हाच संपला नाही आमचा."

ते गृहस्थ हसले. मग नानांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसू जरा ओसरलं. त्यांनी आपल्या गाडीवरच्या नकाशाकडे एकदा वळून बघितलं. त्यांच्या पत्नी तोवर माझ्याजवळ येऊन बसल्या होत्या, आणि उन्हात पाय लांब करून त्यांनी डोळे मिटले होते.

"इथे दोन-चार दिवस राहिलं तर चालेल का?" गृहस्थांनी विचारलं. आवाज थोडा खाली आला होता. "खरं म्हणजे आम्हाला आज सुरतेपर्यंत जायचं होतं."

"चालेल की," नाना म्हणाले, आणि बसल्या जागेवरून थोडे सरकले. "बसा. जागा मोप शे."